लवंगेचं तेल आणि माझं पापनिवेदन

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत मी आयुष्यभर काय काय सोडलं हे सांगायला बसलो, तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा माणूस संतपदाच्या रांगेत उभा आहे. एका वर्षी चहा सोडला. त्या वर्षी मला कळलं की कॉफीही बरी लागते. एका वर्षी विडी सोडली, म्हणजे विकत घ्यायची सोडली. आसपासच्या विडीवाल्यांनी ते चाळीस दिवस माझ्यापायी फार सोसलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तर मी मासळीच सोडली. आमच्यात उपवासकाळात मटण वर्ज्य, मासळी चालते. पण नव्या बायकोसमोर मला जास्तीचं पुण्य दाखवायचं होतं. आठव्या दिवशी शेजारून सुकटीचा वास आला आणि मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "काय, बरे आहात ना सगळे?" बरेच होते. वाटी भरून सुकट दिली त्यांनी.

मी वसईकडचा. गावात चर्चची घंटा ऐकत वाढलो आणि पोटासाठी वज्रेश्वरीवरून येणाऱ्या एस.टी.त बसून भिवंडीला आलो, ते लूमच्या खडखडाटात घंटा विसरलो. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा भिवंडीत आमची दहा-बारा घरं असतील नसतील. चर्च नव्हतं. महिन्यातून दोनदा कल्याणहून फादर येत आणि सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंच्या घरी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, होई. बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे चटयांवर, टेबलावर पांढरी चादर, तीच वेदी.

त्या वर्षी माझी मुलगी आठ वर्षांची झाली होती. ईस्टरच्या सकाळी तिचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे पहिल्यांदा ती ख्रिस्तप्रसाद घेणार होती. आई एका बाजूला, बाप एका बाजूला, मध्ये पांढऱ्या फ्रॉकमध्ये पोर, आणि तिघांनी एकदम घ्यायचा, अशी रीत. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घरी आलो. या वर्षी काय सोडावं म्हणजे जमेल, याचा विचार करत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली,

"अहो, या वर्षी तुम्ही काही सोडू नका."

"का?"

"तुम्ही सोडता आणि त्रास आम्हाला होतो. या वर्षी फक्त पापनिवेदन करा. नीट. पोरीच्या शेजारी उभं राहायचंय."

आता पापनिवेदन म्हणजे फादरांच्या कानाजवळ बसून आपण केलेली पापं आपल्या तोंडानं सांगायची आणि देवाची क्षमा घ्यायची; त्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही. वाचायला सोपं वाटतं. मी दरवर्षी एका शनिवारी त्यासाठी कल्याणला जात असे. म्हणजे घरात तसं सांगून जात असे. कल्याणला तलावाकाठी बसून भेळ खायची, दोन तास माणसं बघायची आणि चेहरा शक्य तितका धुतल्यासारखा करून परत यायचं. बायको विचारी, "झालं?" मी म्हणे, "झालं." असं सात वर्षं झालं.

पण या वर्षी ईस्टरच्या आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी फादर खुद्द भिवंडीत पापनिवेदनं ऐकायला बसणार होते. नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात. म्हणजे कल्याणही गेलं आणि भेळही गेली. वर पोरगी आपली पापं एका चिठ्ठीवर लिहून बसली होती.

"बाबा, माझी चार झाली. तुमची किती आहेत?"

"मोजतोय," मी म्हटलं.

"आपण एकदमच जायचं हां. आधी मी, मग तुम्ही."

खरं सांगायचं तर माझी बाकीची पापं मला जड नव्हती. खोटं बोलणं, शिव्या देणं, हे तर लूमवाल्याच्या अंगाला कापसाच्या फुलोऱ्यासारखं चिकटलेलंच असतं. सात वर्षं मी कल्याणला भेळ खात होतो ते एका सवयीनं. पण त्यातली शेवटची दोन वर्षं खात होतो ती एका पापाच्या भीतीनं. ते सांगितलं तर फादर म्हणणार, "मग जाऊन खरं सांग." खरं सांगितलं तर नोकरी जाणार. न सांगता पोरीच्या शेजारी उभं राहिलो, तर तिच्या त्या दिवसात माझं खोटं मिसळणार. अडकलो होतो मी, लूममध्ये धोटा अडकतो तसा.

ते पाप आता सांगूनच टाकतो.

धामणकर नाक्यापासून थोडं आत एका शेडमध्ये मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम बिघडलं की दुरुस्त करणारा, माल बदलला की लूम लावून देणारा. शेडवर पत्रा, आत चोवीस लूम. लूमच्या कडेला एक दातेरी चाक असतं. कापड दाट यायचं की विरळ, ते त्या चाकाच्या दात्यांवर ठरतं. प्रत्येक मालाला चाक वेगळं, आणि ते बदलायचं काम जॉबरचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी, उपवासकाळातलाच शुक्रवार होता. पुढच्या दोन चांगल्या लूमवर नवा माल लावायचा होता. नाक्यावरच्या एका हॉटेलात खिमा-पाव फार छान मिळे आणि साडेबारा वाजले की संपे. आता शुक्रवार, त्यात उपवासकाळ, त्यात खिमा. तिन्ही गोष्टी मला माहीत होत्या. चौथी माहीत नव्हती ती ही, की घाईघाईत मी चुकीचं चाक बसवून निघालो होतो.

खिमा खाऊन, तोंड दोनदा धुऊन परत आलो, तर त्या लूमवरच्या चाचांनी मला हात केला. चाचा आझमगढकडचे, पंधरा-वीस वर्षं भिवंडीत, आमच्या शेडमधले सगळ्यात जुने विणकर. त्यांनी नवं आलेलं कापड अंगठ्यानं चोळून दाखवलं. मग तोंडाशी धरून त्यातून फुंकर मारली. फुंकर आरपार गेली. म्हणजे, माल विरळ येतोय.

मी हातानंच सांगितलं, चलने दो. मला वाटलं, म्हातारं उगीच शंका काढतंय. पोटात खिमा असला की आपण फार शहाणे असतो.

संध्याकाळी शेठनं तपासलं तेव्हा दोन्ही लूमवरचा सगळा माल जाळीसारखा. शेठ शेडच्या दाराशी मला घेऊन उभा. म्हणाला, "चक्का किसने लगाया?"

त्याच्या महिनाभर आधी शेठनं एका जॉबरला माल बिघडवला म्हणून उभ्या उभ्या घालवला होता. माझी पोर तेव्हा सहा वर्षांची. हे सगळं मी आत्ता सफाईसाठी सांगतोय; त्या क्षणी डोक्यात काहीच नव्हतं, फक्त तोंड उघडलं आणि आतून आलं: "मैंने तो बराबर लगाया था, सेठ. चाचाने हाथ लगाया होगा."

बस. एवढंच वाक्य. चाचांना शेठनं विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना त्या दोन चांगल्या लूमवरून काढून मागच्या दोन खटाऱ्या लूमवर टाकलं. ती लूम संडासाच्या भिंतीला लागून, वर पत्रा फुटलेला, मार्च-एप्रिलमध्ये तिथं माणूस भाजून निघे. धागा दर दहा मिनिटांनी तुटे. चाचा दोन वर्षं तो धागा जोडत होते आणि मी जॉबर म्हणून रोज त्यांच्या समोरून जात होतो. काही म्हणाले नाहीत. पहिले दोन-तीन महिने तर ते माझ्याशी बोललेच नाहीत. गाल आवळून बसत. मला वाटलं, दात दुखत असेल. खरंच वाटलं. मी नाक्यावरून लवंगेच्या तेलाची छोटी बाटली आणून दिली आणि रोज विचारायला लागलो, "चाचा, आराम है?" माणूस स्वतःला फसवायला लागला की किती प्रेमळ होतो बघा.

तर असा मी, आणि शनिवार जवळ आलेला.

सात वर्षांत पापनिवेदनाची पद्धतच विसरलो होतो. सुरुवात कशी करायची, मध्ये काय म्हणायचं. तालीम करायला हवी होती. पण कुठं? घरात एकच खोली. बाहेर ओट्यावर शेजारी. मग माझ्या सुपीक डोक्यात आलं की अख्ख्या भिवंडीत एकच जागा अशी आहे जिथं माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. लूमची शेड!

इथं एक गोष्ट सांगायला हवी. चोवीस लूम चालू असताना कुणाचा आवाज कुणाला येत नाही. म्हणून लूमवाले ओठांवर बोलतात. आवाज काढायचाच नाही, ओठ मात्र ठळक हलवायचे. समोरचा वीस हातांवरून वाचतो. 'चाय पी?', 'सेठ आया', 'तेरी बीवी दरवाजे पे है', सगळं ओठांवर. मराठी, हिंदी, तेलुगू, ज्याला जे येईल ते. मी स्वतः बारा वर्षं हेच करत होतो. शेडच्या एका टोकाला सांगितलेला विनोद दुसऱ्या टोकाला पोचून माणसं हसताना मी रोज बघत होतो.

आणि तरीही मी मधल्या वाटेत एका बंद लूमला टेकून, नट आवळण्याचं नाटक करत, पापनिवेदनाची तालीम सुरू केली. ओठ हलवून. दुसऱ्याशी बोलायला जे ओठ लागतात तेच स्वतःशी बोलतानाही हलतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मला आपलं वाटत होतं, मी मनातल्या मनात बोलतोय.

सोमवारी पहिला मसुदा केला. "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय. मागच्या पापनिवेदनाला सात वर्षं झाली. शिव्या देतो. बायकोशी खोटं बोलतो. शुक्रवारी खिमा खाल्ला. आणि एका सोबत्याला माझ्यामुळे थोडा त्रास झाला." हा मसुदा मला फार आवडला. त्यात सगळं होतं आणि काहीच नव्हतं. 'थोडा त्रास झाला' ही तर कलाकुसर होती.

मंगळवारी तोच घासला. बुधवारी घासताना 'थोडा' या शब्दावर अडकलो, कारण नेमकं तेव्हा मागच्या लूमवर चाचा वाकून तुटलेला धागा शोधत होते आणि फुटक्या पत्र्यातून ऊन सरळ त्यांच्या मानेवर पडलं होतं. गुरुवारी मी दुसरा मसुदा केला. त्यात खिमा होता, चाक होतं, फुंकर होती, आणि ते वाक्य होतं, शेठपुढचं, जसंच्या तसं. शेवटी मी जोडलं, "आणि दोन वर्षं मी त्यांना विचारतोय, आराम आहे का."

हे शेवटचं ओठांवर आणलं आणि लाइट गेली.

लाइट गेली की लूमची शेड एकदम मरते. चोवीस लूम एका दमात थांबतात आणि कानात नुसती शिट्टी वाजत राहते. त्या शांततेत मागच्या लूमवरून चाचांचा आवाज आला. साधा, घसा बसलेला.

"पहले वाला कच्चा था. ये वाला ठीक है."

मी पाना हातात घेऊन उभा. म्हटलं, "क्या चाचा?"

"वही जो फादर को सुनाने वाला है. चार दिन से देख रहा हूँ. सोमवारवाला क्या था? 'थोडा त्रास झाला'?" चाचांनी मराठीतच म्हणून दाखवलं. "अरे, थोडा क्या होता है? इधर आके देख, थोडा है क्या."

आजूबाजूचे तिघं-चौघं सुताच्या बीमच्या आडून बघत होते. त्यातला एक तेलुगू पोरगेला विणकर म्हणाला, "आमाला मंगळवारचा पन आवडला नाय, मिस्त्री." म्हणजे अख्ख्या रांगेनं माझी पापं वाचली होती. चार दिवस माझं पापनिवेदन चोवीस लूमसमोर चालू होतं, तेही दिवसपाळीत.

मी चाचांच्या लूमजवळ जाऊन खाली बसलो. कापसाच्या फुलोऱ्यात.

"चाचा, आपको मालूम था?"

"आज से?" ते म्हणाले. "उसी दिन से. तू दरवाजे पे सेठ से बोला, मैं अपने लूम पे खडा. चाचाने हाथ लगाया होगा. साफ पढा मैंने. तेरे होंठ तो वैसे भी बडे हैं."

"फिर बोले क्यूँ नहीं?"

चाचांनी धाग्याला गाठ मारली.

"बोलनेवाला था. गुस्सा ऐसा था कि मुँह खोलता तो गाली निकलती, इसलिए बंद रखा. दो महिना बंद रखा. और तू?" ते माझ्याकडे वळले. "तू लौंग का तेल लेके आया! जिस आदमी ने मेरे को इधर भेजा, वही रोज आके पूछता है, चाचा, आराम है? अब मैं उसको मारूँ कि हँसूँ? छुट्टी में गाँव जाके बीवी को बताया. वो इतना हँसी, इतना हँसी, कि मेरा गुस्सा ही खतम हो गया. उस दिन माफ कर दिया. तेरे को बताना भूल गया, बस."

बताना भूल गया! मी दोन वर्षं कल्याणच्या तलावाकाठी भेळ खात क्षमेला घाबरत होतो, आणि क्षमा आझमगढच्या एका घरात तेव्हाच होऊन गेली होती. मला कळवायचं तेवढं राहिलं होतं. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की चेहऱ्याचं काय होतं ते मला माहीत नाही, पण तो तेलुगू विणकर दुसरीकडे बघायला लागला.

"मग आता फादरना काय सांगू?" मी मूर्खासारखं विचारलं.

"दूसरा वाला सुना," चाचा म्हणाले. "अच्छा बना है. आखिर में लौंग का तेल भी डाल."

शनिवारी नर्सबाईंच्या घरी गेलो. स्वयंपाकघराच्या दारात एक जुनी साडी पडद्यासारखी लावलेली. आत स्टुलावर फादर, शेजारी पाट. बाहेरच्या खोलीत आमची सगळी मंडळी गुडघ्यांवर. पोरगी आत गेली, चिठ्ठी वाचली, दोन मिनिटांत हसत बाहेर. "बाबा, जा. काही होत नाही."

मी आत जाऊन बसलो आणि सुरू झालो. बारा वर्षं लूममध्ये काढलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते त्याला स्वतःला कळत नाही. बायको घरात सारखी म्हणे, "अहो, कारखाना घरी आणू नका." मला वाटत होतं, मी कुजबुजतोय. "मागच्या पापनिवेदनाला सात वर्षं झाली" हे मी म्हणालो तेव्हा बाहेर कुणीतरी खाकरलं. फादर पुढं झुकून म्हणाले, "हळू बोल, बाळा. मी इथंच आहे." मी म्हटलं, "हळूच बोलतोय, फादर."

कल्याणची भेळ सांगून खिम्यापर्यंत आलो तेवढ्यात बाहेर एकदम रोझरीची प्रार्थना सुरू झाली. मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की आमच्यात मिस्सालाही कुणी तसं म्हणत नसे. तो आवाज माझ्या बायकोचा होता. सात वर्षांची भेळ तिनं एका वाक्यात ऐकली होती, आणि ऐकल्यावर तिनं पहिलं काम केलं ते माझ्यावर आवाजाचं पांघरूण घालण्याचं. बाकीचे तिच्यामागून म्हणायला लागले. नर्सबाई सगळ्यात उंच. त्या आवाजाच्या आडोशाला मी चाक सांगितलं, फुंकर सांगितली, ते वाक्य सांगितलं, लवंगेचं तेल सांगितलं. फादरांचे खांदे हलत होते. ते हसत होते की त्यांना गहिवरून आलं होतं, ते मी आजवर ठरवू शकलो नाही.

मग ते म्हणाले, "ज्यांचं तू बिघडवलंस त्यांनी तुला आधीच माफ केलंय. देवाची तर त्याहून जुनी सवय आहे ती. आता तू फक्त शेठना जाऊन खरं सांग." मला ठाऊकच होतं. क्षमेची प्रार्थना झाली. पाटावरून उठलो तर गुडघे हलके वाटले, पण सोमवारी शेठपुढं उभं राहायचं होतं.

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात बायको म्हणाली, "कल्याणची भेळ चांगली असते?"

"बरी असते."

"सात वर्षं मला नाही आणलीत." एवढंच म्हणाली. पुढं कधीच काही म्हणाली नाही.

सोमवारी शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्यानंच सांगून टाकलं. शेठनं विचारलं,

"दो साल बाद क्यूँ बोल रहा है?"

"रविवारी मुलीचं पहिलं कम्युनियन आहे, शेठ."

त्याला ते काय ते कळलं नाही, मलाही नीट सांगता आलं नाही. त्यानं चाचांना बोलावलं. चाचा दारात उभे राहून म्हणाले, "पुरानी बात है, सेठ. इसको निकालोगे तो लूम कौन ठीक करेगा? मैं?"

शेठ म्हणाला, "तेरा त्योहार कब है?"

"रविवारी."

"ठीक है. चाचा आज से आगे के लूम पे. और तू तेरे त्योहार तक पीछेवाले दोनों चला. जॉबर है ना? सुधार उनको."

नोकरी राहिली. मी इतका खूश झालो की केबिनमधून जवळजवळ नाचत बाहेर आलो. ती खुशी पाऊण तास टिकली. मागच्या दोन लूमवर बसल्यावर कळलं, दोन वर्षं चाचा काय करत होते. एक धागा जोडला की दुसरा तुटे. धोटा मध्येच रुसून बसे. पत्र्यातून ऊन थेट डोक्यात. पापनिवेदनाला दोन दिवस झाले नव्हते, शिव्या द्यायच्या नाहीत असं फादरांसमोर कबूल करून आलो होतो, आणि धागा सातव्यांदा तुटला तेव्हा मी एक अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येत नाही. आवाज न काढता. फक्त ओठांवर.

पुढच्या लूमवरून चाचा, तो तेलुगू विणकर, पलीकडचे दोघं, सगळे एकदम माझ्याकडे वळले आणि खो-खो हसायला लागले. आवाज नाही, नुसती हलणारी पोटं. मीही हसलो. काय करणार? चाळीस दिवसांत मी काहीच सोडू शकलो नव्हतो. साधी एक शिवीसुद्धा मला सोडता आली नव्हती. तरी माझ्या अंगात असा हलकेपणा होता की मला वाटलं, फुंकर मारली तर माझ्यातूनही आरपार जाईल.

मी आडव्या सुताच्या कांड्यांच्या डब्यात हात घातला तर तळाला काहीतरी गार लागलं. लवंगेच्या तेलाची बाटली. तीच, दोन वर्षांपूर्वीची. सील फोडलेलं नव्हतं.

तो आठवडा मी ती दोन लूम खोलली, घासली, जमेल तेवढी नीट केली. शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सुट्टी घेऊन क्रुसाच्या वाटेला गेलो. शनिवारी एक लूम तासभर धागा न तुटता चाललं, तेव्हा चाचांना बोलावून दाखवलं. त्यांनी कापड अंगठ्यानं चोळलं, तोंडाशी धरून फुंकर मारली. गेली नाही.

ईस्टरच्या सकाळी पोरगी मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. फ्रॉकला स्टार्च जास्त झालेला, ती लाकडी बाहुलीसारखी उभी. चाळीस दिवस न म्हटलेलं आलेलुयाचं गाणं सुरू झालं आणि मी म्हणायला लागलो, माझ्या त्या लूमच्या आवाजात. पुढच्या चटईवरच्या दोन बाया मागं वळल्या. पोरगी मान न हलवता कुजबुजली,

"बाबा, हळू ना."

पलीकडून बायको म्हणाली, "असू दे गं. आज म्हणू दे त्यांना."